पीएचडी झाली, आता पैसे कुठून?

प्रश्न: ताई, मी पुण्यात पाषाणला राहते, मिश्री लावणाऱ्या बायकांमधल्या तोंडाच्या कॅन्सरवरचा थीसिस मागच्याच महिन्यात सबमिट केला, डिग्री अजून हातात नाही आणि फेलोशिप तर संपली. आता कुठे अर्ज करू?

उत्तर: अगं, डिग्रीसाठी थांबू नकोस, एएनआरएफची (संशोधनाला पैसे देणारी सरकारी संस्था, म्हणजे आधीचं एसईआरबी) नॅशनल पोस्ट डॉक्टरल फेलोशिप, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनासाठीची, २ वर्षांची असते आणि थीसिस सबमिट केलेल्यांनाही अर्ज करता येतो, वयाची अट साधारण ३५ आहे पण बायकांना त्यात ५ वर्षांची सूट मिळते. मेंटॉर, म्हणजे ज्यांच्या लॅबमध्ये काम करणार ते शास्त्रज्ञ, मात्र आधी पक्का लागतो, म्हणून अर्जांचा कॉल निघायची वाट न बघता गणेशखिंडच्या एनसीसीएस या पेशीविज्ञानाच्या संस्थेत किंवा तुझ्या घराजवळच्या आयसर या विज्ञान संस्थेत जाऊन सरळ भेट. पंतप्रधान अर्ली करिअर ग्रांटच्या मागे आत्ता लागू नकोस, ती कायम नोकरीवाल्या प्राध्यापकांसाठी आहे. इंडिया अलायन्सची (केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग आणि ब्रिटनचा वेलकम ट्रस्ट मिळून चालवतात ती) अर्ली करिअर फेलोशिप मोठी आहे, स्पर्धाही तशीच, तरी नक्की बघ. परदेशी लॅबमध्ये एखादं तंत्र शिकायचं असेल तर यूआयसीसी या आंतरराष्ट्रीय कॅन्सर संघटनेची महिनाभराची फेलोशिप आहे.

आणि एक मनापासून सांगते, मी वाचलेल्या कितीतरी प्रपोजलांचं पहिलं पान 'कॅन्सर हा गंभीर आजार आहे' यातच संपतं, अगं ते वाचणाऱ्याला माहितीये! पहिल्या चार ओळींतच तुझा प्रश्न मांड, मिश्री लावणाऱ्या बायकांच्या पेशींत तुला नेमकं काय शोधायचंय ते. बजेटमध्येही 'केमिकल्स' असा एकच आकडा टाकू नकोस, अँटीबॉडी, सीरम, सगळं वेगळं लिही, कोटेशन जोड.