सिगारच्या धंद्याची चाचणी आणि कलम 5

प्रश्न : मी पुण्यात नोकरी करतो. तिरुचिरापल्लीकडचे दोन छोटे उत्पादक आणि दिल्लीतला एक आयातदार यांच्याकडून फारसे माहीत नसलेल्या ब्रँडचे सिगार घेऊन एमआरपीपेक्षा 25-30 टक्के कमी दराने ऑनलाइन विकायचा विचार आहे. माल भरण्याआधी मागणी आहे का ते पाहावं म्हणून नुसतं एक वेब पान टाकणार आहे : फोटो, किमती, ‘पहिल्या 100 ग्राहकांना 30 टक्के सूट’ आणि नावनोंदणी. इन्स्टाग्रामवर थोडे पैसे लावून ते फिरवायचं. एक मित्र रील करून देईल. जमलं तर पुढे पाच निरनिराळ्या सिगारचं ‘सॅम्पलर’ पाकीट. वयासाठी ‘मी 18 वर्षांवरील आहे’ अशी टिक. अजून विक्रीच नाही, मग कायद्याचा प्रश्न येतो का?

उत्तर : येतो, आणि तुमच्या योजनेत तो सगळ्यात आधी इथेच येतो. सिगार विकायला देशात बंदी नाही. 2003 च्या सिगारेट व अन्य तंबाखूजन्य उत्पादने कायद्यात, म्हणजे ‘कोटपा’त, ऑनलाइन विक्रीला मनाई करणारं स्वतंत्र कलम नाही. एमआरपीपेक्षा कमी दरात विकणं हाही गुन्हा नाही. गुन्हा आहे जाहिरात. आणि माल नसताना टाकलेल्या पानावर जाहिरातीखेरीज दुसरं काय असतं? दुकान असतं तर निदान ‘विक्रीची जागा’ म्हणून काही सांगता आलं असतं. इथे तेही नाही.

कोटपाच्या अनुसूचीत सिगार आणि चिरूट नावानिशी आहेत, त्यामुळे ‘हा कायदा सिगारेटपुरता आहे’ ही पळवाट मिळत नाही. कलम 3 मधली जाहिरातीची व्याख्या रुंद आहे : सूचना, परिपत्रक, लेबल, वेष्टन, एवढंच काय, तोंडी घोषणासुद्धा. जाहिरातीला मनाई करणारं कलम 5 तीन प्रकारच्या माणसांना धरतं. तंबाखूचं उत्पादन, पुरवठा किंवा वितरण करणारा. माध्यम ज्याच्या ताब्यात आहे तो. आणि अशा जाहिरातीत भाग घेणारा कोणीही. रील करणारा मित्र या तिसऱ्या प्रकारात बसतो, त्याने एक पैसा घेतला नसला तरी. पहिल्या दोषसिद्धीला 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 1000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा झाल्यास 5 वर्षांपर्यंत कैद आणि 5000 पर्यंत दंड. दंडाचा आकडा पाहून हसू येईल, कैदेचा पाहून येऊ नये.

दुकानदाराला पाटीची सूट आहे, ती किती अरुंद आहे ते पाहा. पाटी 60 सेंमी बाय 45 सेंमी. वरच्या भागात 20 बाय 15 सेंमीचा इशारा. पाटीवर फक्त उत्पादनाचा प्रकार लिहायचा. ब्रँडचं नाव, पाकिटाचा फोटो, प्रचाराचा मजकूर चालत नाही आणि पाटीमागे दिवा लावायचा नाही. 2005 च्या या नियमांना मुंबई उच्च न्यायालयाने दिलेली स्थगिती सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2013 मध्ये उठवली. खऱ्या दुकानाच्या दारावर ‘30 टक्के सूट’ लिहिता येत नसेल, तर मोबाइलच्या उजळ पडद्यावर फोटोसकट ते लिहायला कोणतं न्यायालय मोकळीक देईल, असं मला वाटत नाही. शिवाय मेटा आणि गूगल दोघांच्याही धोरणात तंबाखूच्या जाहिरातींना मनाई आहे, त्यामुळे पैसे लावूनही पान फिरणार नाही. मोफत नमुने, सिगार-संध्या, व्हॉट्सअॅपवरची दरपत्रकं यांनाही हाच धोका आहे.

तेव्हा चाचणीचा क्रम उलटा करा. मागणी मोजण्याआधी माल आणि नफा तपासा, कारण या धंद्यात सवलत कुठून येते हाच मुख्य प्रश्न आहे. आयातदार इतका स्वस्त देतो, तर त्याच्याकडे बिल ऑफ एंट्रीची, म्हणजे माल आयात करताना कस्टमला दिलेल्या कागदाची, प्रत मागा. ती नसेल तर सीमाशुल्क कायद्याच्या कलम 111 खाली माल जप्त होऊ शकतो, तुमच्या कपाटातूनसुद्धा. दुबईहून येणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून मागवायचा विचार असेल तर तो सोडा : प्रवाशाला मिळणारी 25 सिगारची सवलत त्याच्या स्वतःच्या वापरापुरती असते, विक्रीसाठी नाही. देशी माल स्वस्त असेल तर पाकिटावरचा पॅकिंगचा महिना आणि इशाऱ्याचं चित्र जुळतं का पाहा. चित्रांचे संच ठरावीक काळाने बदलतात. जुळत नसलेला माल स्वस्त का मिळतो, हे वेगळं सांगायला नको.

सॅम्पलरची कल्पना ग्राहकाला आवडेल, पण तीच तुम्हाला अडकवेल. 25 च्या खोक्यावर 85 टक्के भागात सचित्र इशारा छापलेला असतो. आतल्या सुट्या सिगारवर फक्त कागदी पट्टी. खोकं फोडून पाच सिगार सेलोफेनमध्ये घातलेत, की ते इशारा नसलेलं नवं पाकीट झालं. मग कोटपाच्या, इशारा सक्तीचा करणाऱ्या कलम 7 चा भंग आणि कलम 20 ची शिक्षा. वर वजन-मापाच्या नियमांनुसार पॅकर, म्हणजे माल पाकिटात भरणारे, तुम्ही ठरता : नाव, पत्ता, नग, महिना, एमआरपी आणि पॅकर म्हणून नोंदणी, सगळं तुमच्यावर. पाचचं पाकीट हवंच असेल तर उत्पादकाकडून कारखान्यातच, इशाऱ्यासकट बांधून घ्या. तो किमान किती नगांची ऑर्डर मागतो, त्यावरून धंदा परवडतो की नाही याचा निम्मा हिशेब तिथेच होईल.

वयाची टिक निरुपयोगी आहे. ग्राहक सज्ञान होता हे सिद्ध करायची जबाबदारी विक्रेत्याची. कोटपाच्या कलम 6 खाली दंड 200 रुपयांपर्यंतच आहे म्हणून कोणी निर्धास्त होतं. पण बालन्याय कायदा, 2015 चं कलम 77 मुलाला तंबाखू देणाऱ्याला 7 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 1 लाखापर्यंत दंड सांगतं. ऑर्डर घेताना ओळखपत्र आणि पार्सल हातात देतानाही ओळखपत्र, दोन्ही वेळा. आधारची प्रत साठवू नका. पाहिलं, जन्मवर्ष टिपलं, पुरे. रखवालदाराकडे किंवा शेजाऱ्याकडे पार्सल ठेवायचं नाही, हे कुरिअरशी लेखी ठरवा. शिक्षणसंस्थेच्या बाहेरच्या भिंतीपासून 100 यार्डांच्या वर्तुळात विक्रीला बंदी आहे. पुण्यात हे वर्तुळ टाळून घर सापडणंच कठीण, तेव्हा माल ठेवायची जागा आधी मोजा आणि वसतिगृहांचे पत्ते सरळ नाकारा.

जीएसटीत एक जागा हमखास चुकते. मालाच्या व्यापाऱ्यांना नोंदणीसाठी 40 लाखांची उलाढाल-मर्यादा आहे असं सांगितलं जातं, पण तंबाखू विकणाऱ्याला ती लागू नाही. त्याची 20 लाखांची. आणि महाराष्ट्राबाहेर एक जरी पार्सल गेलं तर पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते, कंपोझिशनही (छोट्या व्यापाऱ्यांसाठीची ठोक दराने कर भरायची योजना) मिळत नाही. शॉप अॅक्टखाली मोजकेच कामगार असतील तर फक्त सूचना द्यायची असते. तंबाखू विक्रीचा वेगळा परवाना लागतो का, हे महापालिकेच्या परवाना विभागाला लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा. पेमेंट गेटवेकडे व्यवसाय ‘भेटवस्तू’ म्हणून दाखवू नका; बहुतेक गेटवेंच्या नकारयादीत तंबाखू असतो आणि खोटा प्रकार उघडा पडला की जमा झालेले पैसे अडकतात.

मग मागणी कशी कळेल? सिगार ठेवणाऱ्या चार-पाच दुकानदारांशी समोरासमोर बोला : महिन्याला किती नग, कोणत्या दराला, पडून काय राहतं. जमलं तर त्यांनाच पक्क्या बिलावर थोडा माल पुरवा. तीन महिन्यांत पुन्हा मागणी आली की नाही, ही नावनोंदणीपेक्षा खरी चाचणी. एप्रिल-मे हे महिने त्यात येऊ द्या. सिगारला साधारण 65 ते 70 टक्के आर्द्रता लागते आणि पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात सिगारवर गुंडाळलेलं तंबाखूचं पान तडकतं. ऑनलाइन विकताना 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार सदोष माल परत घ्यायला नकार देता येत नाही आणि तक्रारीची पोच 48 तासांत द्यावी लागते. तडकलेल्या सिगारचा खर्च 30 टक्के सवलतीत बसतो का, ते कागदावर मांडून पाहा.

हे सगळं जुळलं तर पुढचं वेब पान फोटो, घोषणा आणि सूट यांशिवायचं, ओळखपत्र तपासल्यावरच उघडणारं, नुसती नावं, एमआरपी आणि विक्रीची किंमत दाखवणारं असावं. तेही पूर्ण सुरक्षित आहे असं मी लिहून देणार नाही. ब्रँडचं नाव आलं की कलम 5 चा वाद उभा राहू शकतो. पान सुरू करण्याआधी त्याचा मजकूर वकिलाकडून शब्दन् शब्द तपासून घ्या. ई-सिगारेट मात्र ‘सोबत’ म्हणूनही ठेवू नका. 2019 च्या कायद्याने तिची विक्रीच काय, साठवणूकही बंद आहे.