कोणाची लोकशाही जुनी, कोणाची पक्की?

प्रश्न : नमस्कार सर, मी ऐरोलीला राहते. मुलगी १९ वर्षांची आहे, कोरियन सिरीजचं प्रचंड वेड, आणि त्यातूनच आता तिथल्या राजकारणाचंही वेड लागलंय. जानेवारीत महापालिकेला तिने आयुष्यातलं पहिलं मतदान केलं, आमच्या प्रभागात चार मतं द्यायची होती, आणि घरी आली तीच वाद घालत. तिचं म्हणणं, कोरियात लोक राष्ट्राध्यक्षालासुद्धा घरी बसवतात म्हणजे त्यांची लोकशाही आपल्यापेक्षा भारी. तिचे बाबा म्हणतात आपण १९५२ पासून मतदान करतोय, त्यांचं सगळं कालपरवाचं. खरं कोणाचं? आणि आशियातल्या देशांची अशी तुलना करायचीच तर कशी करायची?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : ताई, नुसती वर्षंच मोजायची तर बाबा श्रीलंकेपुढे हरतील. तिथे सगळ्या प्रौढ बायका-पुरुषांना १९३१ लाच मताचा हक्क मिळाला, इंग्रजांचं राज्य असतानाच. पण १९४८ ला स्वातंत्र्य मिळालं आणि त्याच वर्षी नागरिकत्वाचा असा कायदा झाला की चहाच्या मळ्यांवर राबणारे लाखो भारतीय वंशाचे तमिळ लोक नागरिकच उरले नाहीत, मग मतही गेलं. निवडणुका मोजूनही काही हाती लागत नाही. इंडोनेशियात सुहार्तोंनी ३२ वर्षं राज्य केलं, १९७१ ते १९९७ मध्ये सहा वेळा निवडणूक घेतली आणि सहाही वेळा त्यांचाच गोल्कर पक्ष जिंकला.

म्हणून मी एकच गोष्ट बघतो, वरच्या माणसाने हद्द ओलांडली तर त्याला अडवणारं कोणी आहे का, आणि अडवल्यावर तो मागे फिरतो का.

तुमच्या मुलीने ३ डिसेंबर २०२४ ची रात्र नक्की फॉलो केली असणार. रात्री साडेदहाच्या सुमाराला दक्षिण कोरियाचे राष्ट्राध्यक्ष यून सुक-योल टीव्हीवर आले आणि मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदा, लावला म्हणून सांगितलं. संसदेच्या गेटवर पोलीस उभे, मग खासदार कुंपणावरून चढून आत गेले, सभापतीसुद्धा, आत कर्मचाऱ्यांनी दारांना खुर्च्या-टेबलं लावली, सैनिकांवर आग विझवायच्या सिलिंडरचा फवारा मारला, बाहेर थंडीत लोक जमले ते वेगळेच. रात्री एकच्या सुमाराला ३०० पैकी जे १९० खासदार पोचू शकले त्या सगळ्यांनी मार्शल लॉ उठवा म्हणून मत दिलं आणि पहाटे तो उठवावाच लागला. हे जमलं कारण कोरियाच्या राज्यघटनेतच लिहिलंय की संसदेच्या बहुमताने मागणी केली तर राष्ट्राध्यक्षाला मार्शल लॉ उठवायलाच लागतो. आता ही राज्यघटना आहे १९८७ ची, आणि ती आली कशी तर १९८० ला ग्वांगजू शहरात लष्कराने शेकडो माणसं मारली, आणि त्यानंतर सात वर्षांनी, जून १९८७ ला, देशभर लोक रस्त्यावर उतरले तेव्हा. एवढं रक्त सांडून मिळालेली राज्यघटना आहे ती, म्हणून त्या रात्री लोक झोपले नाहीत. एप्रिल २०२५ ला त्यांच्या घटनात्मक कोर्टाने यून यांना पदावरून काढलं. म्यानमारमध्ये बरोब्बर उलटं, २००८ ची राज्यघटना लष्कराने स्वतःच लिहून घेतली, संसदेतल्या एक चतुर्थांश जागा स्वतःकडे ठेवल्या, आणि नवीन संसद बसायची होती त्याच दिवशी, १ फेब्रुवारी २०२१ ला, निवडून आलेल्यांना अटक केली.

आता बाबांची बाजू, कारण तेही चुकीचे नाहीत. आपल्याकडेही १९७५ ला आणीबाणी लागली, २१ महिने होती, आणि १९७७ ला लोकांनी मतपेटीतूनच सरकार पाडलं, खुद्द पंतप्रधान रायबरेलीत हरल्या आणि पायउतार झाल्या. लगेच १९७८ ला ४४ वी घटनादुरुस्ती झाली, नुसत्या 'अंतर्गत अशांतते'चं कारण देऊन आणीबाणी लावायची सोय बंद, आता 'सशस्त्र बंड' हवं, शिवाय मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी हवा. म्हणजे कोरियाने जे १९८७ ला केलं त्याच जातीचं काम आपण नऊ वर्षं आधी केलंय, बाबांनी हे सांगावं, १९५२ नव्हे.

पण आपण कमी पडतो ते खालच्या मजल्यावर, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. नवी मुंबई महापालिकेची मुदत मे २०२० ला संपली, मतदान झालं जानेवारी २०२६ ला. पाच वर्षांच्या आत निवडणूक घ्या असं राज्यघटनेतच आहे, तरी आधी कोविड, मग ओबीसी आरक्षणाची केस, प्रभागरचना, असं करत साडेपाच वर्षं सगळा कारभार प्रशासकाकडे, ठाण्यातही मार्च २०२२ पासून तेच. गटार तुंबलं तर ज्याला पुढच्या वेळी मत देणार नाही असा माणूसच नव्हता! श्रीलंकेत २०२३ ला पैसे नाहीत म्हणून स्थानिक निवडणुका अशाच पुढे ढकलल्या, तर त्यांच्या सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०२४ ला सांगितलं की हा लोकांच्या मूलभूत हक्कांचा भंग आहे, आणि मे २०२५ ला मतदान झालं. इंडोनेशियात सुहार्तो गेल्यावर गावोगावचे महापौर थेट निवडून यायला लागले, त्यातलेच एक सोलो शहराचे जोको विडोडो, पुढे जकार्ताचे गव्हर्नर आणि २०१४ ला राष्ट्राध्यक्ष. एवढं महत्त्व असतं त्या चार मतांना.

आणि मतदानाच्या वयाचं म्हणाल तर आपल्याकडे १८ ची अट १९८९ पासून आहे, जपानमध्ये २०१६ पासून, कोरियात २०२० पासून. तैवानमध्ये अजून २० आहे, तिथे तुमच्या मुलीला आणखी एक वर्ष थांबायला लागलं असतं.