अडीच वर्षांत बी.कॉम.: वाचलेल्या सहा महिन्यांचं करायचं काय?

प्रश्न: माझी मुलगी चर्चगेटच्या कॉलेजात एफ.वाय.बी.कॉम.च्या दुसऱ्या सेमिस्टरला आहे. जन्म नोव्हेंबर 2007 चा. पहिल्या सेमिस्टरला छान गुण मिळाले. पुढे यूपीएससी द्यायची आहे. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) अडीच वर्षांत पदवी घ्यायची सोय केली आहे म्हणे. न्यू जर्सीचे माझे दीर सांगतात की तिकडेही पदवी एका वर्षाने कमी होतेय. मग आपण का रेंगाळायचं? ती शनिवारी एका सीएकडे कामाला जाते, ते बंद करायला सांगू का?
– एक आई, दहिसर

उत्तर: ताई, दिरांची माहिती बरोबर आहे, पण ती आपल्याला लागू नाही. अमेरिकेत बॅचलर पदवीला साधारण 120 क्रेडिट (क्रेडिट म्हणजे अभ्यास मोजायचं माप) आणि चार वर्षं लागतात. 2023 मध्ये ब्रिगहॅम यंग युनिव्हर्सिटी-आयडाहोला 90 ते 94 क्रेडिटच्या तीन वर्षांच्या पदवीची परवानगी मिळाली. तिथे अभ्यासक्रमालाच कात्री लावलीय, म्हणून तर वाद आहे की ही पदवी जुन्या पदवीच्या तोडीची मानायची का. यूजीसीने 2024 च्या अखेरीस मान्य केलेल्या सोयीत मात्र एकही क्रेडिट कमी होत नाही. ताट तेवढंच, फक्त भराभर जेवायचं.

आता तुमच्या मुलीचा हिशेब मांडू. महाराष्ट्रात तीन वर्षांच्या पदवीला 132 क्रेडिट, म्हणजे सेमिस्टरला 22. पहिलं वर्ष संपेल तेव्हा तिचे 44 झालेले असतील. उरलेले 88 तीन सेमिस्टरमध्ये बसवायचे तर दर वेळी 29 च्या वर. थिअरीच्या एका क्रेडिटला 15 तास लागतात. सेमिस्टर 15 आठवड्यांचं धरलं तर आठवड्याला सात लेक्चर जास्तीची. त्यावर घरचा अभ्यास, आणि दहिसर-चर्चगेट लोकलचे रोजचे दोन-अडीच तास आहेतच. शनिवार तर जाईलच, रविवारही हाताशी राहणार नाही.

बरं, एवढी धावपळ करून ती 2027 च्या शेवटी मोकळी होणार. एम.कॉम. म्हणा, लॉ म्हणा, प्रवेश पुढच्या जून-जुलैतच. आणि यूपीएससीला परीक्षेच्या वर्षी 1 ऑगस्टला वयाची 21 वर्षं पूर्ण लागतात. 1 ऑगस्ट 2028 ला तुमची मुलगी 20 चीच असेल. म्हणजे पहिला प्रयत्न 2029 मध्ये! सरळ चालीने बी.कॉम. केलं तरी 2028 च्या उन्हाळ्यात पदवी पदरात पडते. सहा महिने वाचवून ती थांबणार कुठे, तर घरीच.

ही सोय वाईट आहे असं मी म्हणत नाही. घरचं दुकान सांभाळणाऱ्या किंवा पदवीवाचून बढती अडलेल्या मुलाला मी नक्की सांगेन, कर. पण तिथेही आधी कॉलेजच्या ऑफिसात विचारायचं. हे सुरू करायचं की नाही हे संस्थेच्या हातात आहे, आणि यूजीसीने त्यासाठी 10 टक्के जागांची मर्यादा सुचवलीय. शिवाय चौथ्या सेमिस्टरचे पेपर तिसऱ्यात शिकवणार कोण, हेही विचाराच. (याचं सरळ उत्तर मिळालं तर मलाही कळवा.)

दोन वर्षांवर बाहेर पडून डिप्लोमा घ्यायचा सल्ला कोणी दिला तर कानाआड करा. यूपीएससीला पदवीच लागते, डिप्लोमा चालत नाही.

सीएचं काम मात्र बंद करू नका. व्हाउचर लावता लावता, जीएसटीचं रिटर्न भरताना तिला बी.कॉम.ची निम्मी पुस्तकं कळतील. कॉलेजच्या परीक्षेच्या वेळी ते सीए तिला सुट्टी देत असतील तर आणखी काय हवं?

आणि पुढचं पत्र तिला लिहू दे. तुमच्या पत्रात गुण आहेत, जन्मतारीख आहे, दीर आहेत. तिला घाई आहे का, हे मात्र मला कुठे सापडलं नाही.