गाडीतल्या नॅव्हिगेशनचा बाण भलतीकडेच पळतो, युनिट बदलण्याआधी काय तपासावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २०१८ची सेडान, नॅव्हिगेशन कंपनीतूनच बसून आलेलं. गेल्या पावसाळ्यापासून नागपूरच्या वर्धा रोडवर बाण अडकतो किंवा बाजूच्या गल्लीत शिरतो. समृद्धी महामार्गावर गाडी शेतातून चाललेली दिसते. सकाळी गाडी सुरू केली की बराच वेळ ‘सिग्नल शोधत आहे’ एवढंच येतं. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात, अख्खं युनिट, म्हणजे पडद्यासकट डॅशबोर्डमधला डबा, बदला.

इतक्यात बदलू नका. या तिन्ही तक्रारींचं मूळ एकच असेल असं मला वाटत नाही. समृद्धीची तक्रार नकाशाची आहे, सकाळची अँटेनाची किंवा वीजपुरवठ्याची, आणि वर्धा रोडची थोडीफार त्या रस्त्याचीच. युनिट खराब असण्याची शक्यता यांच्या मागून येते.

समृद्धीचं आधी निकालात काढू. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ला खुला झाला आणि मुंबईजवळच्या आमणेपर्यंतचा पूर्ण ७०१ किलोमीटरचा मार्ग जून २०२५मध्ये. तुमच्या गाडीतला नकाशा गाडीसोबत आलेला असेल तर त्यात हा रस्ता असणारच नाही. पडद्यावर नकाशा बोटाने सरकवत नागपूरजवळच्या शिवमडक्यापाशी, जिथून हा महामार्ग सुरू होतो, आणा आणि महामार्गाची रेघ दिसते का बघा. रेघ नाही, पण बाण न अडखळता सरळ चालला आहे, म्हणजे सिग्नल चोख आहे, फक्त खाली रस्ता काढलेला नाही. कामठी रोडवरचा एलआयसी चौक ते ऑटोमोटिव्ह चौक हा डबल डेकर पूल ऑक्टोबर २०२४चा, त्यामुळे तोही जुन्या नकाशात नसेल. यावर उपाय नकाशा अपडेटचा, त्याबद्दल पुढे लिहितो.

आता सिग्नल. गाडी अशा जागी न्या जिथे डोक्यावर आकाश मोकळं आहे. फुटाळा तलावाचा काठ चालेल, कस्तूरचंद पार्कची बाजू चालेल. कडुनिंबाखाली किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये केलेल्या तपासणीला काही अर्थ नाही. इंजिन सुरू ठेवून दहा मिनिटं थांबा आणि सेटिंगमध्ये जीपीएसच्या माहितीचा पडदा उघडा. बऱ्याच गाड्यांत तो ‘सिस्टिम माहिती’च्या आत असतो. काहींत लपवलेला असतो आणि दोन बटणं एकत्र दाबून धरल्यावर उघडतो. कुठली बटणं, हे सर्व्हिस सेंटरच्या टेक्निशियनला माहीत असतं.

तिथे चार गोष्टी टिपून घ्या. उपग्रह किती वापरात आहेत: ठिकाण आणि उंची काढायला किमान ४ लागतात, मोकळ्या आकाशाखाली ८ किंवा जास्त दिसायला हवेत. प्रत्येकाची ताकद: आकडे डीबी-हर्ट्झमध्ये असतील तर ४०च्या वर उत्तम, ३०च्या खाली कमजोर. अक्षांश-रेखांश: नागपूर शहरात साधारण २१.१ उत्तर आणि ७९.१ पूर्वच्या आसपास. आणि तारीख. तारखेकडे कोणी बघत नाही, पण बघा. जीपीएस आठवडे मोजतं आणि जुन्या पद्धतीत ही मोजणी दर १०२४ आठवड्यांनी शून्यावर येते. शेवटची अशी वेळ एप्रिल २०१९मध्ये येऊन गेली. पडद्यावरची तारीख साडेएकोणीस वर्षांहून थोडी अधिक मागे असेल तर दोष सॉफ्टवेअरचा आहे, अँटेना बदलून काही होणार नाही. फक्त घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे असेल तर टाइम झोनची सेटिंग बिघडली आहे, बाकी काही नाही.

उपग्रह शून्य किंवा दोन-तीनच, तेही कमजोर, असं दिसलं तर आधी अँटेनावर संशय घ्या. ‘पावसाळ्यापासून’ हा तुमचा शब्द मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. जीपीएसचा अँटेना दोन जागी असतो: छतावरच्या शार्क फिनमध्ये (माशाच्या पंखासारखा उंचवटा), नाहीतर डॅशबोर्डच्या वरच्या प्लॅस्टिकखाली. शार्क फिनखाली रबराचं गॅस्केट असतं. आपल्या उन्हात काही वर्षांनी ते कडक होऊन भेगाळतं आणि पावसाचं पाणी आत झिरपतं. मागच्या सीटवर बसून छताचं कापड हाताने चाचपा. ओलसर लागलं, पिवळट डाग दिसला किंवा कुबट वास आला तर कारण जवळजवळ सापडलंच. आत अँटेनाच्या केबलचा जोड असतो. त्याच्या मधल्या पिनवर हिरवट भुकटी जमलेली दिसेल, तो तांब्याचा गंज. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, मऊ ब्रशने साफ करा, पूर्ण वाळू द्या. पॉलिश पेपर लावू नका, पिनवरचा मुलामा निघतो आणि गंज पुन्हा लवकर धरतो. गॅस्केट नवीन टाका, नाहीतर पुढच्या जुलैत हेच काम पुन्हा निघेल.

दुसरं टोक युनिटच्या मागे. तिथे बहुतेक गाड्यांत जीपीएसचा जोड निळ्या रंगाचा, चौकोनी तोंडाचा असतो. स्टिरिओ किंवा कॅमेऱ्याच्या कामासाठी डॅशबोर्ड कधी उघडला असेल तर हा जोड अर्धवट बसलेला असू शकतो. बोटाने दाबल्यावर ‘टक्’ असा आवाज येऊन लॉक बसला पाहिजे. नुसता आत गेलेला पुरेसा नाही, कारण खड्ड्यात गाडी आदळली की सुटतो. बाण कधी चालतो, कधी अडकतो, यामागे हे कारण खूपदा असतं.

मल्टिमीटर असेल तर आणखी एक पायरी. या अँटेनाच्या आत छोटा अ‍ॅम्प्लिफायर असतो आणि त्याला वीज त्याच केबलमधून मिळते. निळा जोड काढून युनिटच्या बाजूला मधली पिन आणि बाहेरचं कवच यांच्यात डीसी व्होल्टेज मोजा. साधारण ३ ते ५ व्होल्ट यायला हवेत. मोजताना दोन्ही टोकं एकमेकांना लागू देऊ नका. शून्य आलं तर लगेच युनिटला दोष देऊ नका. केबल शॉर्ट असली की युनिट स्वतःला वाचवायला ही वीज बंद करतं. केबल काढलेलीच ठेवून युनिट पूर्ण बंद-चालू करा आणि पुन्हा मोजा. आता व्होल्ट आले तर शॉर्ट केबलमध्ये किंवा अँटेनात आहे. तरीही शून्यच, तेव्हा मात्र युनिट उघडावं लागेल.

मीटर नसेल तर याहून सोपी आणि माझ्या मते सगळ्यात खात्रीची चाचणी: त्याच जोडाचा सुटा अँटेना आणायचा. काडेपेटीएवढी काळी चपटी डबी असते, खाली चुंबक, काही शे रुपयांत मिळते. ती युनिटला जोडा, डबी छताच्या पत्र्यावर ठेवा, चुंबकाची बाजू खाली, आणि दहा मिनिटं थांबा. उपग्रह भराभर वाढले तर युनिट ठणठणीत आहे. घाई करू नका, कारण प्रत्येक उपग्रहाची ताजी माहिती साधारण अर्ध्या मिनिटात उतरते, पण सगळ्या उपग्रहांचं वेळापत्रक मिळायला साडेबारा मिनिटं लागतात. दोन मिनिटं पाहून ‘नाही येत’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

डॅशबोर्ड उघडताना दोन गोष्टी जपा. बॅटरीची निगेटिव्ह तार काढून काही मिनिटं थांबा, आणि पुढच्या खांबात एअरबॅग असेल तर तिच्यावरून केबल ओढू नका. बॅटरी काढण्याआधी स्टिरिओचा कोड लागतो का हेही बघून ठेवा.

आता अँटेना चांगला असूनही सिग्नल मरण्याची दोन कारणं, जी गाडीत आपणच घालतो. पहिलं, काचेवरची फिल्म. उन्हासाठी लावलेल्या फिल्ममध्ये धातूचा थर असेल आणि अँटेना डॅशबोर्डखाली असेल तर सिग्नल काचेतच अडतो. सिरॅमिक फिल्मने असं होत नाही. दुसरं, डॅशकॅम आणि लायटरच्या सॉकेटमधले स्वस्त चार्जर. जीपीएसचा सिग्नल जमिनीवर पोहोचेपर्यंत इतका क्षीण झालेला असतो, की १५७५.४२ मेगाहर्ट्झच्या आसपासचा जरासा विद्युत गोंगाटही त्याला बुडवतो. उपग्रहांचा पडदा उघडा ठेवा आणि एकेक प्लग उपटत जा, प्रत्येक वेळी दोन मिनिटं थांबून. कॅमेरा काढल्याबरोबर आकडे चढले तर चोर सापडला. तो अँटेनापासून हातभर लांब बसवा आणि त्याच्या वायरवर फेराइटचं, म्हणजे विद्युत गोंगाट अडवणारं, कडं चढवा.

फोन जोडून नकाशा पडद्यावर आणत असाल तर एक झटपट तपासणी आहे. काही गाड्यांत फोन जोडला की तो ठिकाण गाडीच्याच अँटेनाकडून घेतो. फोन जोडल्यावर बाण भरकटतो आणि केबल काढून फोन हातात धरला की बरोबर येतो, म्हणजे दोष गाडीच्या बाजूला आहे.

सकाळच्या उशिराबद्दल. रोज सकाळीच त्रास होत असेल आणि सोबत रेडिओची स्टेशनं किंवा घराचा पत्ताही पुसला जात असेल तर युनिटला कायमचा मिळणारा वीजपुरवठा तुटतो आहे. मग ते रोज कोरी पाटी घेऊन उपग्रह शोधायला लागतं. बऱ्याच गाड्यांत हा फ्यूज छताच्या दिव्याशी जोडलेला असतो, तेव्हा दिवा लागतो का ते आधी बघा. बाहेर काम करून घेतलं असेल तर बॅटरीची कायमची तार चावीच्या तारेला जोडली आहे का हेही विचारा. बॅटरीही तपासा: रात्रभर उभ्या गाडीत साधारण १२.६ व्होल्ट हवेत, इंजिन सुरू असताना १३.८ ते १४.५. आपल्याकडच्या उन्हाळ्यात बॅटरी लवकर थकते आणि स्टार्टर फिरताना व्होल्टेज फार पडलं की युनिट अर्ध्यातच रीसेट होतं.

वर्धा रोडचं थोडं समजून घ्या. अजनीकडून विमानतळाकडे जाणारा तो डबल डेकर ३.१४ किलोमीटरचा आहे: खाली जुना रस्ता, मधे उड्डाणपूल, वर मेट्रो. खालून गेलात तर आकाश जवळपास नाहीच. मधल्या पुलावरून गेलात तरी डोक्यावर मेट्रोचा काँक्रीट आहे, सिग्नल फक्त बाजूंनी येतो, तोही इमारतींवर आपटून. शिवाय दोन्ही रस्ते एकावर एक असल्याने तुम्ही वर आहात की खाली हे नकाशाला नीट कळत नाही. चांगल्या युनिटचाही बाण इथे थोडा चुकेल. पण तो थांबू नये. सिग्नल नसताना युनिट चाकांच्या वेगाचे पल्स (विजेचे ठोके) आणि आतला जायरो (वळणं ओळखणारा सेन्सर) यांच्या भरवशावर बाण पुढे ढकलतं. छत्रपती चौकात बाण जागीच गोठला आणि पुलाबाहेर आल्यावर उडी मारून पुढे गेला, तर वेगाचा सिग्नल युनिटपर्यंत पोहोचत नाही. गाडी रिव्हर्स घेताना बाण पुढेच जात असेल तर रिव्हर्सची तार सुटली आहे.

टायरचा साइज बदलला असेल तर तेही सांगा. १८५/६५ आर १५च्या जागी १९५/६५ आर १५ टाकला की घेर सुमारे २ टक्क्यांनी वाढतो. एवढ्या पुलाखाली बाण साधारण ६५ मीटर मागे राहतो, म्हणजे वळण हुकण्याइतका. सेन्सर कॅलिब्रेशन रीसेट करा आणि मोकळ्या रस्त्यावर, आउटर रिंग रोडवर म्हणा, सरळ आणि वळणं दोन्ही येतील अशी गाडी चालवा. काही किलोमीटरमध्ये युनिट नवा हिशोब शिकतं.

नकाशा कार्डावर असेल तर ते चावी बंद असतानाच काढा. फॉरमॅट करू नका आणि दुसऱ्या कार्डावर कॉपी करून चालवू नका, बहुतेक कार्डं लॉक केलेली असतात. अपडेट भल्या सकाळी, मोकळ्या जागी, इंजिन सुरू ठेवून करा. बंद गॅरेजमध्ये कधीच नाही. मे महिन्याच्या दुपारी तापलेल्या डॅशबोर्डवर तर करूच नका, अर्ध्यात युनिट गरम होऊन बंद पडलं तर ते खरोखरच निकामी होऊ शकतं.

एवढं केल्यावर सर्व्हिस सेंटरला जा आणि जॉब कार्डवर ‘नॅव्हिगेशन चालत नाही’ असं लिहू देऊ नका. असं लिहून घ्या: ‘मोकळ्या आकाशाखाली दहा मिनिटांनी वापरातले उपग्रह इतके, सुटा अँटेना लावल्यावर इतके, अँटेनाच्या सॉकेटवर व्होल्टेज इतकं.’ सुट्या अँटेनानेही उपग्रह आले नाहीत आणि सॉकेटवर वीज नसली तर युनिटचं कोटेशन घ्या. त्यातही आधी दुरुस्तीचं मागा. भंगारातलं जुनं युनिट स्वस्त पडतं म्हणून घेऊ नका, बऱ्याच युनिटवर मूळ गाडीचा लॉक असतो आणि तुमच्या गाडीत ते फक्त कोड मागत बसेल.