जळगावला डाळ मिलमध्ये ड्रायरच्या डक्टमधला गॅस बर्नर पेटतो आणि ५ सेकंदांत विझतो. कंट्रोलर बदलावा का?

नका बदलू, आधी फ्लेम रॉड, म्हणजे ज्योतीत राहणारी धातूची सळई, साफ करा. ज्योतीतून काही मायक्रोअँपिअरचा करंट रॉडवरून बर्नरच्या बॉडीत जातो, त्यावरूनच कंट्रोलरला ज्योत आहे हे कळतं. डाळीची भुकटी जळून रॉडवर थर बसला की करंट तुटतो आणि ज्योत दिसत असूनही कंट्रोलर गॅस व्हॉल्व बंद करतो. मेन स्विच आणि गॅसचा कॉक बंद करून रॉड काढा, बारीक स्टील वूलने घासा, रॉडभोवतीच्या पोर्सेलिनला (चिनी मातीच्या इन्सुलेटरला) तडा आहे का बघा. सॅंडपेपर नको, ओरखड्यांत काजळी लवकर धरते. तरीही तेच झालं तर अर्थिंग तपासा. आपल्याकडे मे महिन्यात अर्थिंगचा खड्डा ठणठणीत कोरडा पडतो, चार बादल्या पाणी ओतल्यावर बर्नर सुरळीत चाललेला मी मेंटेनन्सच्या कामात पाहिलाय. फेज-न्यूट्रल उलटे झाले असले तरी बऱ्याच कंट्रोलरना ज्योत कळत नाही. काही बर्नरना रॉडऐवजी ज्योतीचा अतिनील प्रकाश ओळखणारा यूव्ही सेन्सर असतो, त्याची काच कोरड्या फडक्याने पुसली की झालं.

हे सगळं बर्नर लगेच विझत असेल तरच. दहा-पंधरा मिनिटं चालून बंद पडत असेल तर दोष हवेचा: फिल्टर चोंदलाय किंवा ब्लोअरचा पट्टा सैल आहे, म्हणून हाय लिमिट (तापमान फार वाढलं की बर्नर बंद करणारा स्विच) ट्रिप होतंय. ते लिमिट वायर जोडून बायपास करू नका. मिस्त्री सर्रास करतात.