सॉकेटातला सोलापुरी टॉवेल

प्रश्न : काकू, नमस्कार. आम्ही अशोक चौकाजवळ राहतो. खाली टॉवेलचे माग, वर घर. माझ्या भावानं दोन वर्षांपूर्वी दुबईहून माझ्या मुलासाठी निंटेंडो स्विच आणला, तो हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम. महिन्यापूर्वी हेडफोन लावलेला असतानाच तो कॉटवरून खाली पडला. फुटला नाही. पण आता हेडफोन लावला की मागचं संगीत ऐकू येतं आणि माणसं बोलतात ते मात्र विहिरीतून आल्यासारखं, जवळपास नाहीच. पिन थोडी बाहेर ओढून अंगठ्यानं दाबून धरली की बरं येतं. आठवड्यापासून हेडफोन काढला तरी स्पीकरमधून आवाज नाही. टीव्हीला लावला तर आवाज येतो. एका दुकानात दाखवला, त्यांनी न उघडताच ‘मदरबोर्ड गेलाय’ म्हणून साडेसहा हजार सांगितले. मुलगा म्हणतो, सुईनं आतली पट्टी सरळ करतो. तो दहावीला आहे, त्यामुळे खरं सांगू का, मार्चपर्यंत असाच राहू द्यावा असंही मनात येतं. काय करू?
— एक आई, सोलापूर

उत्तर : ताई, आधी त्या पोराच्या हातातली सुई काढून घ्या, मग पुढचं वाचा.

सुईचं मला चांगलं ठाऊक आहे. माझे वडील मंगळवार पेठेत रेडिओ-टेप दुरुस्त करायचे. मी सातवीत असताना एका गिऱ्हाइकाचा वॉकमन दुकानात आला होता, एका कानात आवाज नव्हता. वडील जेवायला घरी गेले तेवढ्यात मी गोधडीची सुई घेऊन आतली पितळी पट्टी ‘सरळ’ केली. पट्टी तुटून सुईच्या टोकाला लागूनच बाहेर आली. वडील रागावले नाहीत. नवा जॅक, म्हणजे पिन घालायचं भोक, आणला, पाच पाय होते त्याला, आणि पाचही माझ्याकडून सोल्डर करून, म्हणजे कथलाचा डाग देऊन, घेतले. पैसे मात्र माझ्या गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या, पैशांतून कापले. त्या संक्रांतीला होम मैदानावर मी पाळण्यात बसले नाही, खाली उभी राहून चुलतभावंडांच्या चपला सांभाळल्या.

आता तुमचा स्विच. तुम्ही लक्षणं इतकी नीट लिहिली आहेत की निम्मं निदान पत्रातच आहे. हेडफोनची पिन बघा. तिच्यावर काळ्या रेघा असतात. माइक नसलेल्या हेडफोनला दोन रेघा, म्हणजे धातूचे तीन भाग: टोक डाव्या कानाचं, मधलं कडं उजव्या कानाचं, मागचा भाग दोघांचा सामाईक परतीचा, ज्याला आम्ही ‘अर्थ’ म्हणतो, इंग्रजीतला, जमिनीचा. माइकवाल्याला तीन रेघा आणि चार भाग. हा अर्थ आत नीट टेकला नाही की करंट एका कानातून जाऊन दुसऱ्या कानातून परत येतो. मग दोन्ही बाजूंना जे सारखं असतं ते एकमेकांना खाऊन टाकतं आणि जे वेगळं असतं तेवढंच उरतं. गेममध्ये काय किंवा गाण्यात काय, माणसाचा आवाज बहुतेक वेळा मधोमध, म्हणजे दोन्ही बाजूंना सारखा ठेवलेला असतो. तोच नेमका गायब होतो आणि बाजूची वाद्यं राहतात. तुमच्या ‘विहिरीतल्या’ आवाजाची गोष्ट ही एवढीच आहे. बोर्डातली चिप गेली तर असं नेमकं बोलणंच गाळून बाकीचं ठेवत नाही.

आणि स्पीकर. स्पीकर गेलेला नाही, असं मी न बघता पैजेवर सांगते. सॉकेटात, म्हणजे हेडफोनच्या भोकात, आणखी एक संपर्क असतो, पिन आत आली की नाही एवढंच कळवणारा. तो दबलेल्या जागीच अडकला की यंत्राला वाटतं हेडफोन लावलेलाच आहे, आणि ते शहाण्यासारखं स्पीकर बंद ठेवतं. आमच्या वेळच्या ट्रान्झिस्टरचं हेच दुखणं असायचं. लोक नवा स्पीकर घालून घ्यायचे आणि आवाज तरीही नाहीच.

मग अर्थ का टेकत नाही आणि संपर्क का अडकलाय? ताई, तुम्ही माग खाली आणि घर वर असं लिहिलंत तिथेच मला हसू आलं. स्विचचं हेडफोनचं भोक यंत्राच्या वरच्या कडेला असतं, आभाळाकडे तोंड करून. टीव्हीजवळच्या डॉकमध्ये, म्हणजे टीव्हीला जोडायच्या खोबणीत, उभा ठेवला तरी वरच. टॉवेलच्या कारखान्यात कापसाची धूळ कशी उडते ते तुम्हाला मी काय सांगायचं! ती भोकात बसते, पोरगं हेडफोन लावताना पिनेनं ती तळाशी ठेचतं, रोज थोडी थोडी. गेल्या वर्षी पूर्व भागातल्याच एका मुलाच्या अशाच यंत्रातून मी चिमट्यानं बोळा काढला तर तो समईच्या वातीसारखा वळलेला निघाला, पांढरा, आणि मध्ये गुलाबी सुताचा एक धागा. त्याची आई म्हणाली, हा तर आमच्या गेल्या महिन्याच्या ऑर्डरचा रंग!

तपासायची युक्ती सोपी आहे. लाकडी टूथपिक घ्या, टोक कापून बोथट करा, पिनेशेजारी धरून पिनेच्या धातूएवढ्या लांबीवर पेनानं खूण करा. साधारण 14 मिलिमीटर भरेल. यंत्र पूर्ण बंद करा. नुसतं झोपवू नका, पॉवरचं बटण तीनेक सेकंद दाबून धरलं की पर्याय येतात, त्यातून बंद करा. मग टूथपिक हलक्या हातानं आत सोडा. खूण बाहेरच राहिली तर तळाशी काहीतरी आहे. मोबाइलच्या टॉर्चनं पाहिलंत तर राखाडी गादी दिसेलही. यंत्र उलटं धरा, भोक जमिनीकडे, आणि टूथपिकनं कडेकडेनं उकरत बोळा सैल करा. कॅमेरा साफ करायचा रबरी फुगा असेल तर त्यानं हवा मारा. तोंडानं फुंकू नका, थुंकी जाते.

कारखान्यातला कॉम्प्रेसर तर अजिबात नको! मागाची साफसफाई करायची ती हवा आहे, तिच्यात पाणी असतं, तेल असतं, आणि जोर एवढा की बोळा आणखी आत जाईल. सॅनिटायझरही नको. मेडिकलमध्ये किंवा इलेक्ट्रॉनिकच्या दुकानात आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं, त्याचे दोन थेंब टूथपिकला गुंडाळलेल्या कापसाला पुरतात. तो कापूस मात्र घट्ट गुंडाळा, नाहीतर आत आपलाच बोळा सोडून याल. अर्धा तास वाळू द्या. दुसरा एखादा चांगला हेडफोन लावा, पिन टक् करून बसली पाहिजे आणि बाहेर धातू दिसता कामा नये. तीन-चार वेळा लावून-काढून स्पीकर बोलतो का बघा.

एवढ्यानं झालं तर पत्र लिहून कळवा. नाही झालं तर कॉटवरून पडल्याचा हिशोब राहिला. हेडफोन लावलेला असताना यंत्र पिनेवर आपटलं की पिन पहारीसारखी काम करते आणि सगळा जोर सॉकेटच्या इवल्याशा पायांवर येतो. सोल्डरला केसासारखी चीर जाते. याला आम्ही ड्राय सोल्डर म्हणतो. अंगठ्यानं दाबलं की टेकतं, सोडलं की सुटतं, तुमच्यासारखंच.

आता साडेसहा हजारांबद्दल. साध्या स्विचमध्ये हेडफोनचं सॉकेट मदरबोर्डवर नसतंच. गेमचं कार्ड जिथं घालतो त्या खाचेबरोबर ते एका वेगळ्या छोट्या बोर्डावर असतं. तो बोर्ड स्क्रू काढून आणि दाबून बसवलेलं कनेक्टर उचलून बाहेर येतो. सोल्डरिंगची गरजच नाही. नवा बोर्डही सुटा मिळतो, तुमचं मॉडेल कुठलं ते सांगून ऑनलाइन मागवता येतो. दुकानदारानं जाणूनबुजून फसवलं असं मी म्हणत नाही. रोज मोबाइल उघडणाऱ्याला वाटतं सगळं एकाच पाटीवर असणार. तुम्ही दुसरीकडे गेलात की ‘गेम कार्डचा छोटा बोर्ड बदलायचा आहे’ असंच म्हणा. मदरबोर्डला कुणाला हात लावू देऊ नका, त्याला आणखी एक कारण आहे: गेममध्ये पोरगं जिथवर पोचलंय त्या सेव्ह कार्डात नसतात, यंत्राच्या आतल्या मेमरीत असतात. मदरबोर्ड बदलला आणि त्या क्लाउडवर चढवलेल्या नसल्या तर गेल्या. मग घरात जे रामायण होईल ते साडेसहा हजारांत भागणार नाही.

मुलाला हात घालायचाच असेल तर परीक्षेनंतर आणि तुमच्यासमोर. मागच्या चार स्क्रूंना तीन पाकळ्यांची खाच असते, त्याचा वेगळा स्क्रू-ड्रायव्हर लागतो. साध्यानं जोर केला की खाच गोल होते आणि मग देवसुद्धा तो स्क्रू काढत नाही. मेमरी कार्ड आधी काढायचं. मागच्या स्टँडखाली एक स्क्रू लपलेला असतो, तो विसरून लोक कव्हर मोडतात. आत गेल्यावर पत्र्याचं झाकण निघालं की पहिलं काम बॅटरीचं कनेक्टर सोडवायचं. त्या झाकणाखाली मलम दिसेल. ती उष्णता वाहून न्यायची पेस्ट आहे. ती पुसून नवी लावल्याशिवाय झाकण बंद करायचं नाही. आपल्याकडे एप्रिलमध्ये पारा चाळिशीच्या वर, आणि पेस्टशिवाय यंत्र चालवलं तर ते आधी पंख्याचा आवाज करेल आणि मग तापून बंद पडेल.

दरम्यान बिनतारी हेडफोन चालतो का पाहा. सप्टेंबर 2021 मध्ये आलेल्या 13.0.0 अपडेटपासून स्विचला ब्लूटूथचा आवाज जोडता येतो. उडी मारल्यावर ‘धप्प’ जरा उशिरा ऐकू येईल, हेडफोनचा माइक चालणार नाही, आणि शेजारच्या मित्राच्या स्विचला थेट जोडून खेळता येणार नाही. ही शेवटची अडचण तुम्हाला अडचण वाटू नये.

आणि मार्चपर्यंत नादुरुस्त ठेवायचं म्हणता, तर ताई, आवाजाशिवाय पोरं खेळतात! उलट बरंच, तुम्हाला स्वयंपाकघरात कळतही नाही. दुरुस्त करा आणि चार्जर माहेरी पाठवा.

प्रश्न : मला मामाच्या जुन्या सामानात गेम बॉय ॲडव्हान्स एसपी मिळाला, निंटेंडोचाच जुना, घडी घालायचा हातातला गेम. चालू होतो. पण हेडफोनचं भोकच सापडत नाही. कुणी बुजवलं असेल का? परत पाडता येईल का?
— एक विद्यार्थी, विजापूर रोड, सोलापूर

उत्तर : ड्रिल मशीन खाली ठेव बाळा. कुणी बुजवलेलं नाही, कंपनीनंच ठेवलं नव्हतं. हे मॉडेल 2003 चं. त्याला चार्जर जिथं लागतो तिथंच एक जोड लावून हेडफोन घालायचा अशी सोय होती. तो जोड वेगळा विकत घ्यावा लागायचा. गंमत म्हणजे 1989 च्या पहिल्या जाडजूड गेम बॉयला मात्र साधं भोक होतं, आणि त्याचा स्पीकर एकच असला तरी हेडफोन लावला की दोन्ही कानांत वेगळा आवाज यायचा. जोड जुन्या वस्तूंत अजून विकायला येतो. मामाला विचार, जिथं एसपी सापडला त्याच डब्यात तळाला असायची बरीच शक्यता आहे. छोटीशी वायर, एका टोकाला चपटं कनेक्टर, दुसऱ्या टोकाला भोक. कुठल्यातरी मोबाइलचं निकामी सामान समजून फेकू नकोस.