आजोबांची दोन एचएमटी जनता घड्याळं, तबकड्या मात्र वेगळ्या, देवनागरी नावाच्या तबकडीवर डागही आहेत. त्यातलं एक नकली आहे का?

एकावर 'जनता' देवनागरीत आणि दुसऱ्यावर इंग्रजीत, काट्यांची घडणही निराळी, एवढ्यावरून नकली म्हणू नका. देवनागरी नावाच्या तबकड्या खुद्द कारखान्यातून आलेल्या आहेत. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने बंगळूरला एचएमटीची घड्याळं बनू लागली. पुढे श्रीनगर, तुमकूर, उत्तराखंडातलं राणीबाग इथेही कारखाने झाले, आणि २०१६ मध्ये सरकारने घड्याळ कंपनी बंद करायला मंजुरी दिली. 'जनता' त्यातली कित्येक दशकं निघत होतं. एवढ्या काळात अक्षरांची जाडी, काटे, तासाच्या खुणा बदलणारच. मला तर या छंदातलं खरं सुख याच फरकांत वाटतं.

खरा प्रश्न वेगळा आहे: हा फरक कारखान्यातला की नंतर कोणी तबकडी रंगवली त्याचा? भिंग घेऊन बघा. मिनिटांच्या रेघा तासाच्या खुणांशी जुळतात का? अक्षरांच्या कडा स्वच्छ आहेत की शाई पसरलीय? काट्यांवरचा अंधारात चमकणारा लेप (बोलीतलं 'रेडियम') पिवळा पडलाय आणि तबकडी मात्र कोरी करकरीत, असं असेल तर मी संशय घेतो.

त्याहून पक्की कसोटी म्हणजे जोडी शोधणं. कारखान्यातला फरक एकाच घड्याळात येत नाही, दुसऱ्या कुणाच्या घड्याळातही तो सापडतो. पण ती जोडी ऑनलाइन विक्रीच्या फोटोंत शोधू नका, कारण नव्याने रंगवलेल्या भडक तबकड्याही तिथे ढिगाने सारख्याच दिसतात. पहिल्या मालकाच्या घरातून न हललेली घड्याळं बघा. आपल्या कोकणात ती मिळतात. मुंबईच्या चाकरमान्यांनी गणपतीला येताना आणलेली, मग कपाटात राहिलेली. गावात ओळखीच्या घरी विचारा, फोटो काढा, मागच्या झाकणावरचे आकडेही टिपून ठेवा. विकत मागायची घाई नको.

एक मात्र लक्षात घ्या. खाऱ्या, दमट हवेने इथे तबकडीला डाग पडतात, क्रोमचा मुलामा उडून खालचं पितळ दिसतं, चावीची दांडी गंजते. म्हणून इथल्या बऱ्याच घड्याळांच्या तबकड्या तेव्हाच रंगवून घेतल्या गेल्या. घर जुनं म्हणून तबकडी मूळची, असं धरून चालता येत नाही.

तुमच्या देवनागरी तबकडीवरचे डाग मला ओलाव्याचेच वाटतात. ते पुसू नका, रंगवायला तर मुळीच देऊ नका. काचेवरचे ओरखडे खुशाल घासून काढा, ती अॅक्रिलिकची असते. आतली यंत्रणा साफ करून तेल घालून घ्या, तोवर चावी देत बसू नका. आणि झाकण उघडायचं ते पावसाळा सरल्यावर, नाहीतर ओली हवा आतच कोंडली जाईल.